किल्ली कोणाकडे ठेवणार?

दसऱ्यापासून वर्तमानपत्राचं खरं पहिलं पान सापडेनासं झालं आहे. एक जाहिरातीचं पान उलटावं तर आत दुसरं, आणि दोन्हींवर कुठल्या तरी लांबच्या गावातला फ्लॅट नाही तर प्लॉट. त्याचाच परिणाम असावा, या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार एकाच विषयावरची निघाली: राहायचं एका गावात आणि गुंतवणूक म्हणून घर-जमीन घ्यायची दुसऱ्या गावात. म्हणून हा सगळा अंक त्यांनाच दिला. मृत्युपत्राबद्दल विचारणाऱ्यांनी महिनाभर थांबावं. (तब्येतीला जपा.)

प्रश्न : मी ४३ वर्षांचा, चाकणला कंपनीत नोकरी करतो. कर्वेनगरला राहता फ्लॅट आहे, त्याचं कर्ज गेल्या वर्षी फिटलं. २२ लाख हाताशी आहेत. पुण्यात दुसरा फ्लॅट आवाक्यात नाही. ऑफिसमधल्या नागपूरच्या सहकाऱ्याने मनीषनगर भागात ४८ लाखांचा टू बीएचके सुचवला आहे, इमारत नऊ वर्षांची. एजंट म्हणतो की १६ हजार भाडं सहज येईल आणि मिहानमुळे (विमानतळाजवळचा मोठा उद्योग प्रकल्प) भाव वाढतच राहतील. भाड्यातून कर्जाचा हप्ता परस्पर निघेल असा विचार आहे. तिकडे आमचं कोणी नाही. पत्नीचा विरोध आहे. घ्यावा का?

— एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : पत्नीचा विरोध का आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. आधी ते विचारा, कारण बऱ्याचदा नेमका मुद्दा तिथेच असतो.

आता माझी गोष्ट. २००८ साली आम्हीही नागपूरला फ्लॅट घेतला होता, तुम्ही लिहिता त्याच बाजूला आणि मिहानच्याच भरवशावर. मी तेव्हा बँकेत गृहकर्जाच्या टेबलावर होते. दिवसभर दुसऱ्यांना ‘घाई करू नका’ सांगायचं आणि स्वतः मात्र एका शनिवार-रविवारात व्यवहार ठरवून यायचं, असा माझा शहाणपणा. पाहायला गेलो डिसेंबरात. डिसेंबरातलं नागपूर कोणालाही आवडतं, सरकारसुद्धा अधिवेशनाला तेव्हाच जातं. कोवळं ऊन, रस्त्याकडेला संत्र्यांचे ढीग, पुण्याच्या दुप्पट रुंद रस्ते. यांनी बाल्कनीत उभं राहून दोन मोठे श्वास घेतले आणि टोकनचा चेक फाडला. १९ लाखांना घेतला.

कागद चोख होते. भाडेकरू मिळाला तोही सरळ माणूस. पहिली चार-साडेचार वर्षं पाच तारखेला भाडं खात्यात. शाखेत मी सगळ्यांना सांगत सुटले होते, नागपूरला घ्या म्हणून.

२०१३ च्या मे महिन्यात सकाळी साडेसहाला फोन आला. खालच्या मजल्यावरचे काका. ‘मॅडम, आमच्या बेडरूमच्या भिंतीवरून पाणी उतरून राहिलं. तुमच्या किरायेदाराला सांगा काहीतरी.’ मी भाडेकरूला फोन केला. तो म्हणाला, आमच्याकडे सगळं कोरडं आहे. आमची दुसरी किल्ली यांच्या एका मित्राच्या मेहुण्यांकडे ठेवलेली. ते राहायचे कामठी रोडला, म्हणजे गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. त्यांनी प्लंबर नेला. प्लंबरने बाथरूमचा नळ बदलला, ६५० रुपये. आठवड्याने काकांचा पुन्हा फोन. पुन्हा प्लंबर, या वेळी फ्लशची टाकी, ११०० रुपये. तिसऱ्या वेळी मेहुण्यांनी माझा फोन उचलला नाही, आणि त्यात त्यांची काही चूक होती असं मला आजही वाटत नाही. ४५ अंशांच्या उन्हात, दीड तास मोडून, मित्राच्या मेहुण्याने फुकटात किती वेळा जायचं?

शेवटी रजा टाकली आणि गरीब रथने मीच गेले. दुपारी पोचले तेव्हा खरंच सगळं कोरडं. रात्री साडेदहाला पुन्हा गेले, भाडेकरूच्या बायकोने आत बोलावलं, आणि कारण समोर दिसलं. आम्हा पुणेकरांना कूलर म्हणजे लग्नाच्या कार्यालयातली वस्तू. नागपूरला तो उन्हाळाभर दिवसरात्र चालतो. भाडेकरूने तो बाल्कनीत लोखंडी स्टँडवर ठेवला होता, बेडरूमच्या खिडकीला तोंड करून, आणि रोज बादल्या ओतायला नकोत म्हणून नळापासून एक हिरवा पाइप थेट त्याच्यात सोडला होता. आतला फ्लोट अडकला की पाणी रात्रभर वाहायचं. बाल्कनीचा उतार बाहेरच्या भोकाकडे हवा, तो होता भिंतीकडे. फरशीच्या सांध्यांतून ते पाणी थेंबथेंब काकांच्या बेडरूममध्ये. सकाळी ऊन आलं की तासाभरात बाल्कनी खडखडीत. भाडेकरू खोटं बोलतच नव्हता.

फ्लोट ८० रुपयांचा होता. बाल्कनीची फरशी उखडून वॉटरप्रूफिंग, काकांच्या खोलीचं प्लास्टर आणि रंग, माझं जाणं-येणं आणि सीताबर्डीतल्या लॉजचे चार दिवस मिळून ३८ हजार गेले. तेव्हाच्या भाड्याचे चार महिने.

त्यानंतर आम्ही एक गोष्ट केली, ती आधीच करायला हवी होती. त्याच इमारतीत तळमजल्यावर वीज मंडळातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहायचे. त्यांना महिना ८०० रुपये ठरवले. किल्ली त्यांच्याकडे. महिन्यातून एकदा घरात जाऊन यायचं, नळ उघडून पाहायचे, मीटरचा आणि छताचा फोटो पाठवायचा, प्लंबर आला तर शेजारी उभं राहायचं. मेहुण्यांना आम्ही साडी-चोळी, मिठाई देत होतो आणि तरी प्रत्येक फोनला माझा जीव वर-खाली व्हायचा. ८०० रुपये देऊ लागल्यावर मी हक्काने ‘अहो, जरा जाऊन या’ म्हणू शकले. पुढची सहा वर्षं मला नागपूरला जावं लागलं ते फक्त भाडेकरू बदलताना. म्हणून तुमच्या पत्रातलं मला सगळ्यांत खटकलेलं वाक्य ४८ लाखांचं नाही. ‘तिकडे आमचं कोणी नाही’, हे आहे.

आता तुमचा हिशेब. पत्रात तुम्ही १६ हजार गुणिले १२ केलंय, १ लाख ९२ हजार, ४८ लाखांवर बरोबर चार टक्के. पण तुमचे लागणार ४८ लाख नाहीत. मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील, सोसायटी मिळून ५२ धरा. भाडेकरू गेला की घर महिनाभर रिकामं राहतंच, म्हणून ११ महिन्यांचं भाडं धरा, १ लाख ७६ हजार. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स २४ हजार, स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी लावते ते शुल्क २ हजार, मालमत्ता कर ९ हजार, दुरुस्ती १२ हजार, एजंटचं अर्ध्या महिन्याचं भाडं ८ हजार, तुमच्या दोन फेऱ्या १४ हजार आणि किल्लीवाल्या माणसाचे १२ हजार. एकूण ८१ हजार. हे अंदाज आहेत, तुमचे आकडे घालून पाहा. उरले ९५ हजार. ५२ लाखांवर दोन टक्केसुद्धा पडत नाहीत, आणि प्राप्तिकर अजून गेलेलाच नाही.

(त्या राहत नसल्याच्या शुल्काबद्दल जाता जाता: सोसायटीला ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. लांबचा मालक दिसला की काही सोसायट्या मनाला येईल तो आकडा लावतात. विकत घेण्याआधी जुन्या मालकाची पावती मागून बघा.)

३० लाखांचं कर्ज १५ वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतलं, तर हप्ता साधारण २९,५०० बसतो. वरचे ९५ हजार म्हणजे महिन्याला ८ हजारांच्या आत. तेव्हा हप्ता ‘परस्पर निघणार’ नाही, दर महिन्याला साडेएकवीस हजार तुमच्या पगारातून जातील. नव्या करप्रणालीत असाल तर व्याजामुळे दिसणारा तोटा पगारातून वजा होत नाही, तीही आशा धरू नका.

भाव वाढेल हे खरं असू शकतं. आमचा फ्लॅट २०१९ मध्ये ३१ लाखांना गेला, त्याच वर्षी वर्धा रोडवर मेट्रो सुरू झाली होती. १९ चे ३१ ऐकायला छान वाटतात, ११ वर्षांवर पसरले की वर्षाला साडेचार टक्के पडतात. त्या काळात माझ्याच बँकेत ठेवीवर आठ-साडेआठ टक्के मिळत होते. आम्ही बुडालो नाही. पण मिहान येणार हे आम्हाला कळलं तेव्हा ते विकणाऱ्यालाही कळलं होतं, आणि त्याने ते किमतीत आधीच घालून घेतलं होतं.

तरीही घ्यायचंच असेल तर कागदांबद्दल. विदर्भात जमिनीच्या कागदांची भाषा आपल्यापेक्षा वेगळी आहे. आपला तलाठी तिकडे पटवारी, गट नंबरच्या जागी खसरा क्रमांक, प्रॉपर्टी कार्डाला आखीव पत्रिका, विसाराला इसार. शब्द समजले की भागलं, पण दोन गोष्टी नुसत्या शब्दांवर सुटत नाहीत. एक, जमीन नजूलची आहे का, म्हणजे मूळ मालक सरकार आणि इमारत भाडेपट्ट्यावर, असं आहे का. असेल तर पट्टा कधी संपतो आणि हस्तांतराला परवानगी लागते का, ते पाहा. दुसरं, ज्या लेआउटवर इमारत आहे तो मुळात मंजूर होता की गुंठेवारीत, म्हणजे परवानगीशिवाय पाडलेल्या प्लॉटांच्या योजनेत, नंतर नियमित झाला. नागपूरकर ज्याला ‘आर.एल.’ म्हणतात ते याच मंजुरीचं, नागपूर सुधार प्रन्यास या सरकारी संस्थेचं पत्र. ते आहे असं तोंडी सांगितलं जातं, तुम्ही ते हातात घ्या आणि त्यावरचा प्लॉट क्रमांक खरेदीखताशी ताडून पाहा. यासाठी वकील नागपूरचाच लागेल आणि तो एजंटने दिलेला नको. ‘बँक कर्ज देते आहे म्हणजे कागद बरोबरच असणार’ हे वाक्य मी टेबलापलीकडून शेकडो वेळा ऐकलं. बँकेचा वकील बँकेचे ३० लाख सुटतील एवढं पाहतो. तुमच्या २२ लाखांची चिंता तुमच्या वकिलाने करायची.

एक गोष्ट मात्र आमच्या वेळेपेक्षा सोपी झाली आहे. भाडेकरार नोंदवायला आता नागपूरला जावं लागत नाही, तुम्ही पुण्यात आणि भाडेकरू तिकडे, आधार आणि अंगठ्यावर ऑनलाइन नोंदणी होते. ती टाळू नका. करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी महाराष्ट्रात कायद्याने मालकावर आहे, आणि तो नोंदलेला नसेल तर वादात भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात.

आधी तो किल्लीवाला माणूस शोधा. सहकाऱ्याचे आईवडील नकोत, त्यांना पैसे देता येणार नाहीत. आणि फ्लॅट एकदा मे महिन्यात दुपारी दोन वाजता पाहा. पुणे ते अजनी (नागपूरचंच स्टेशन) आता वंदे भारत आहे, तिलाही बारा तास लागतात. बाल्कनीत पाण्याची बादली ओतून बघा, पाणी कुठे जातं.

प्रश्न : आम्ही तीन मित्र मिळून दापोलीजवळ ३३ गुंठे जमीन घेतोय, प्रत्येकी ११. पुढे फार्महाउस बांधू, नाही तर भाव आला की विकू. जमीन शेतीची आहे आणि तिघांत शेतकरी दाखला एकाचाच, म्हणून सातबाऱ्यावर तूर्त त्याचं एकट्याचं नाव लागेल. आमच्यात स्टॅम्पपेपरवर करार करून ठेवू. विकणारे मूळ मालक मुंबईला असतात, त्यांचं मुखत्यारपत्र गावातल्या एकाकडे आहे. जमीन पाहिली, फारच सुंदर आहे. काही अडचण?

— एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : पाहिली कधी? ऑक्टोबरात ना? ऑक्टोबरात कोकणातला कातळसुद्धा हिरवा असतो.

अडचण एक नाही. पैसे तिघांचे आणि नाव एकाचं, कारण दोघांना कायद्याने ती जमीन घेता येत नाही, हे तुम्ही स्वतःच्या हाताने स्टॅम्पपेपरवर लिहून ठेवणार आहात. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. दुसऱ्याच्या नावावर घेतली तर बेनामी व्यवहाराचा कायदा उभा राहतो, त्यात जमीन जप्त होते आणि तुरुंगवासही आहे. तो कागद म्हणजे तुमच्या हक्काचा पुरावा नसून तुमच्याविरुद्धचा कबुलीजबाब होईल. मित्र चांगलाच असेल. त्याचे वारस अजून शाळेत असतील, त्यांच्याबद्दल काय सांगता येतं?

मुखत्यारपत्राचंही तसंच. त्या कागदाने मालकी मिळत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये हे स्वच्छ सांगितलं आहे. मुखत्यार मालकाच्या वतीने खरेदीखतावर सही करू शकतो, पण मुखत्यारपत्र नोंदलेलं हवं, रद्द झालेलं नको आणि देणारा हयात हवा. कोकणात हे शेवटचं विचारायला लाजू नका. मुंबईला जा, मूळ मालकांना भेटा, चहा घ्या. एका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं, त्यातली निम्मी गेलेली आणि वारसांच्या नोंदी झालेल्याच नाहीत, हे तिकडे नेहमीचंच. एक चुलत बहीण सही करायची राहिली की दहा वर्षांनी तिचा मुलगा वाटणीचा दावा घेऊन येतो, आणि तेव्हा तुम्ही तिथे फणसाची झाडं लावलेली असतात.

सातबारा उलगडलात की ‘इतर अधिकार’ हा रकाना आधी वाचा. कुळाचं नाव, बँकेचा बोजा, ‘कलम ४३ च्या अटीस अधीन’ अशी कुळकायद्याची नोंद, सगळं तिथे असतं. भोगवटादार वर्ग २ (सरकारी अटींवर धारण केलेली जमीन) दिसलं की परवानगीशिवाय व्यवहार नाही. जुने फेरफार काढून क्रमाने लावा. खाजगी वनाचा शेरा आहे का तेही बघा, त्या जमिनीवर घर बांधता येत नाही. समुद्र दिसतो म्हणून किंमत जास्त सांगितली असेल, तर किनारा नियमन क्षेत्रात येते का हेही विचारा, कारण समुद्र जितका जवळ तितकं बांधकाम अवघड.

माझं ऐकाल तर हा व्यवहार सोडा. जागा हवीच असेल तर लहान का होईना, बिनशेती झालेली, लेआउट मंजूर, स्वतंत्र मोजणी झालेली घ्या, तिघांच्या तीन खरेदीखतांनी. आणि जागेवर दोनदा जा. एकदा मेमध्ये, विहिरीत पाणी किती उरलं ते डोकावून बघायला. एकदा जुलैमध्ये, पुण्याहून. ताम्हिणीतून धुक्यात गाडी चालवून, शेवटचे दोन किलोमीटर चिखलातून गेलात आणि तरीही जागा सुंदर वाटली, तर मला पुन्हा लिहा.

प्रश्न : गोव्यात एका प्रकल्पात स्टुडिओ अपार्टमेंट घेतलं तर कंपनी ते पर्यटकांना भाड्याने चालवणार आणि आम्हाला नऊ वर्षं दरसाल १२ टक्के हमखास परतावा देणार. शिवाय वर्षातून १४ दिवस आम्ही फुकट राहू शकतो. किल्लीची, भाडेकरूची कटकट नाही. वय ६१, भविष्यनिर्वाह निधीचे पैसे आले आहेत.

— एक वाचक, सातारा रस्ता

उत्तर : बँक बिल्डरला १२ पेक्षा कमी टक्क्यांनी कर्ज देते. मग हा माणूस तुम्हाला १२ का देतोय? बँकेने त्याला उभं केलं नाही म्हणून, किंवा ते १२ टक्के तुमच्याच वाढवून घेतलेल्या किमतीतून पहिली दोन-तीन वर्षं परत देणार आहे म्हणून. शेजारच्या तशाच, ‘हमखास’ नसलेल्या स्टुडिओची किंमत विचारा, फरक तिथेच दिसेल. परतावा देणारी कंपनी आणि बांधणारी कंपनी बहुधा वेगवेगळ्या निघतात, परतावा देणाऱ्या कंपनीच्या नावावर एक टेबल आणि दोन खुर्च्या असतात. गोव्यात सातबाऱ्याच्या जागी फॉर्म १ आणि १४ असतो, आणि बिनशेतीला सनद म्हणतात. त्या दोन्हीच्या प्रती मागा, प्रकल्पाचा गोवा रेराचा (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाचा) नंबर मागा. निवृत्तीचे सगळे पैसे एका खोलीत घालू नका. १४ दिवस गोव्यात राहायला हॉटेल स्वस्त पडतं.

प्रश्न : आम्ही दोघं लातूरला शिक्षक आहोत. मुलगी यंदा शिवाजीनगरला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला लागली. होस्टेलला पैसे भरण्यापेक्षा वाघोलीला ३८ लाखांचा वन बीएचके घ्यावा, ती राहील, पुढे भाड्याने देऊ, असं वाटतं. ताबा तीन वर्षांनी आहे. बुकिंगला २० टक्के भरा, साठेखत नंतर करू, असं बिल्डरच्या ऑफिसात सांगितलं. पुण्यातलं आम्हाला काही माहीत नाही.

— एक वाचक, लातूर

उत्तर : ताबा तीन वर्षांनी, मुलगी पहिल्या वर्षाला. ठरल्या दिवशी ताबा मिळाला तरी ती त्या घरात शेवटचं एक वर्ष राहील, आणि ठरल्या दिवशी ताबा मिळणं याला पुण्यात लोक पेढे वाटतात. म्हणजे होस्टेलचे पैसे तुम्ही भरणारच आहात, वर हप्ताही. मुलीसाठी घर आणि गुंतवणुकीसाठी घर हे दोन प्रश्न आहेत. एकाच फ्लॅटने दोन्ही सुटतील असं तुमच्या पत्रातल्या तारखांवरून दिसत नाही.

२० टक्के भरू नका. नोंदणीकृत साठेखत केल्याशिवाय बिल्डरला १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, रेरा कायद्यात हे लिहिलेलं आहे. पहिल्याच भेटीत जो तुम्हाला कायद्याबाहेरचं सांगतो, तो तुम्ही लातूरला परत गेल्यावर काय सांगेल? जाहिरातीवरचा महारेरा क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर घाला. मूळ ताबा-तारीख कोणती होती, ती किती वेळा पुढे ढकलली, जमिनीवर कर्ज आहे का, तक्रारी किती, घरबसल्या दिसतं. यासाठी पुण्यात ओळख असावी लागत नाही.

त्यापेक्षा भोगवटा पत्र मिळालेला, लोक राहायला लागलेला फ्लॅट बघा. जीएसटी लागत नाही. बांधकाम चालू असलेल्यावर या किमतीला तो एक टक्का आहे, म्हणजे त्यात फार वाचतं असं नाही, पण राहत्या इमारतीत माणसं भेटतात. पुण्यात मुद्रांक शुल्क सात टक्के आहे. फ्लॅट फक्त बाईंच्या नावावर घेतलात तर सहा, ३८ लाखांवर ३८ हजार वाचले. नोंदणी फी ३० हजार.

आणि पाणी. तुम्ही लातूरचे, २०१६ ला मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं पाहिलेले, तुम्हाला मी काय सांगणार? वाघोली २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली. पण गाव पालिकेत आलं म्हणजे नळाला पाणी आलं असं नाही, पुण्याच्या कडेच्या कितीतरी सोसायट्या टँकरवर चालतात. टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये येतो आणि उन्हाळ्यात वेगळी वर्गणी निघते. सेल्स ऑफिसात विचारलंत तर ‘चोवीस तास पाणी’ असंच उत्तर येईल, कारण टाकीतून ते चोवीस तास येतंच. वॉचमनला विचारा, एप्रिलमध्ये दिवसाला किती टँकर आत येतात. त्याला वहीत नोंद करावी लागते, त्यामुळे आकडा पाठ असतो. तो आकडा गुणिले टँकरचा दर, भागिले फ्लॅटची संख्या. तुम्हा दोघांपैकी गणित कोण शिकवतं ते लिहिलं नाहीत, पण एवढं जमेल. आणि ते पाणी कुठून येतं, तपासतं कोण, हेही विचारा. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे इतके रुग्ण निघाले, त्यानंतर आम्ही पुणेकरही हा प्रश्न विचारायला शिकलो.

घर पाहायला रविवारी येऊ नका, रविवारी नगर रस्ता मोकळा असतो. सोमवारी या. सकाळी आठला वाघोलीच्या थांब्यावर मुलीला बसमध्ये बसू द्या, कॉलेजच्या वेळेला. तुम्ही दोघं मागच्या सीटवर बसा आणि शिवाजीनगर येईपर्यंत तिच्याशी काही बोलू नका.